श्राव्य इतिहासग्रंथ : श्रवणाचा काळ आणि प्रामाण्याचा विचार

(१) प्रश्नाचें स्वरूप

गेल्या कांहीं वर्षांत इतिहासविषयक पुस्तकें वाचण्याऐवजीं ऐकण्याचा प्रघात महाराष्ट्रांत झपाट्यानें वाढला आहे. अशा पुस्तकांस सर्वत्र ‘ऑडिओबुक’ म्हणतात. आम्ही ह्या लेखांत त्यांस श्राव्यग्रंथ असें म्हणूं. स्वीडन देशांतील स्टोरीटेल ह्या संस्थेनें २०१७ सालीं भारतांत आपलें काम सुरू केलें, त्या वेळेपासूनच तिच्या भाषांत मराठीचा समावेश होता. पुढें इतर संस्थाही ह्या क्षेत्रांत उतरल्या, आणि आज हातांतील फोनवर इतिहासाचीं लहानमोठीं कथनें हवीं तेवढीं मिळतात.

आमच्या परिचयाच्या संग्राहकांत ह्या बाबतींत दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, कानांनीं इतिहास शिकणें म्हणजे कीर्तनास जाऊन व्याकरण शिकण्यासारखें आहे. दुसरा म्हणतो कीं, ज्यांचे डोळे उतारवयामुळें थकले त्यांस हें मोठेंच वरदान आहे, त्याची हेटाळणी करणें हा कृतघ्नपणा होय. दोन्हीं पक्षांकडून आम्हांस एकच प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो : ज्याच्या घरीं न वाचलेलीं मोडी दप्तरें बांधलेलींच पडून आहेत, त्यानें एखादें लोकप्रिय इतिहासकथन ऐकण्यांत पंधरा-वीस तास घालवावे काय? ह्या प्रश्नास सरसकट ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देतां येत नाहीं. परंतु कोणतें कथन ऐकावें, कोणतें सोडावें, आणि हा निर्णय फार वेळ न दवडतां कसा करावा, हें मात्र निश्चित सांगतां येतें. तेंच सांगण्याचा येथें यत्न केला आहे.

(२) श्रवण ही नवी गोष्ट नव्हे

इतिहास ऐकणें हें आपल्याकडे इतिहास वाचण्याहून जुनें आहे. पोवाडा हा ऐकण्यासाठींच रचला जाई. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तोंवर त्यांतील पुष्कळशी सामग्री गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या मुखींच वसत होती. बखरींची वाक्यरचना पाहिली तरी ती कानासाठीं केलेली आहे हें लक्षांत येतें : लहान वाक्यें, क्रियापदांची पुनरावृत्ति, आणि प्रसंगाच्या ऐन भरांत घातलेला संवाद. मोडी लिपींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सामान्यतः पाळला जात नसे. म्हणून ज्यांनीं मोडी कागद हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, अडलेली ओळ मोठ्यानें म्हटली म्हणजे शब्द आपोआप सुटे होतात. कान हें मोडी वाचनाचें एक साधनच आहे. तेव्हां श्राव्यग्रंथ हे कानाचे म्हणून हलके, असें म्हणणारास आपल्याच परंपरेची ओळख नाहीं असें म्हणावें लागेल.

परदेशांतही ह्या प्रकाराचा उगम करमणुकींत नव्हे, तर गरजेंत झाला. अमेरिकेंत १९३४ व इंग्लंडांत १९३५ ह्या सालांपासून अंध वाचकांसाठीं ध्वनिमुद्रित तबकड्यांवर ‘बोलकीं पुस्तकें’ निघूं लागलीं. आजचे श्राव्यग्रंथ त्यांचेच वंशज होत.

असें असलें तरी जुन्या श्रवणांत आणि नव्या श्रवणांत एक मोठा भेद आहे. पुराणिक समोर बसलेला असे; श्रोता त्यास अडवून शंका विचारूं शके. पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपलें नांव गुंफीत असे. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाचा, तानाजीचा तुलसीदासाचा, हें ऐकणारास पोवाड्यांतच कळे. ‘हें कोण सांगतो आहे’ ह्या प्रश्नाचें उत्तर श्रवणाबरोबरच मिळत असे. नव्या श्राव्यग्रंथांत नेमकें हेंच उत्तर हरवतें, आणि आमच्या मतें सर्व वादाचें मर्म येथेंच आहे. त्याचा विस्तार पुढें केला आहे. तत्पूर्वीं वेळेचा हिशेब पाहूं.

(३) वेळेचा हिशेब

आम्ही घड्याळ लावून मोजून पाहिलें. स्पष्ट उच्चार करणारा मराठी वाचक मिनिटास सुमारें ११० शब्द वाचतो. छापील पानावर ३०० शब्द धरले तर एका पानास पावणेतीन मिनिटें लागतात, आणि ४०० पानांच्या ग्रंथास अठरा तासांहून किंचित् अधिक. सराव असलेला माणूस मनांत वाचील तर तोच ग्रंथ ह्याच्या निम्म्या वेळांत संपवील. फोनवर कथनाची गति वाढविण्याची सोय असते. दीडपट केल्यास अठराचे बारा तास होतात. परंतु फारसी नांवें, तिथ्या व गांवांचीं नांवें ह्या गतींत एकमेकांवर आदळतात, आणि संशोधकास जें हवें असतें तेंच पहिल्यानें निसटतें.

हा हिशेब येथेंच संपत नाहीं. संशोधक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच वाचतो. तो आधीं सूचि पाहतो, मग टीपा, मग वंशावळ, आणि हवीं तीं बारा पानें वाचून ग्रंथ मिटतो. छापील ग्रंथाचा वेळ असा आपल्या हातीं असतो. श्राव्यग्रंथाचा वेळ निवेदकाच्या हातीं असतो. त्यांत सूचि नाहीं, नकाशा नाहीं, टीपा बहुधा गाळलेल्या, आणि मागें जाऊन एखादें वाक्य शोधणें म्हणजे अंधारांत पडलेली सुई शोधणें. म्हणून संदर्भासाठीं श्राव्यग्रंथाचा उपयोग करूं पाहणें हा शुद्ध कालापव्यय होय. शेजवलकरांचा पानिपतावरील ग्रंथ टेबलावर उघडा ठेवून, नकाशावर बोट फिरवीत वाचावयाचा आहे; तो कितीही सुस्वर कंठानें वाचून दाखविला तरी कानांतून पोंचणार नाहीं.

परंतु वेळही दोन जातींचा असतो. एक मेजावरचा, त्यांत डोळे, हात आणि बुद्धि तिन्हीं मोकळीं असतात. दुसरा वाटेवरचा. आमच्या छत्रपति संभाजीनगराहून पुण्यास जाणाऱ्या बसगाडींत पांच-सहा तास जातात. त्या हेलकाव्यांत हस्तलिखित वाचणें शक्य नसतें, आणि वृद्ध डोळ्यांस छापील अक्षरही दिसत नाहीं. पोथ्यांवरील धूळ झाडणें, जुनीं वेष्टनें बदलणें, वैद्याच्या दारांत वाट पाहणें, हीं कामेंही अशींच. अशा वेळांतून घेतलेले अठरा तास आपणांस फुकट मिळालेले असतात. मेजावरच्या वेळांतून घेतलेले अठरा तास म्हणजे न वाचलेलें एक दप्तर. तेव्हां पहिला नियम असा : श्राव्यग्रंथ वाटेवरच्या वेळांत ऐकावा, मेजावरच्या वेळांत ऐकूं नये.

(४) बोलणारा कोण?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं. अर्वाचीन इतिहास बहुतांशीं शब्दप्रमाणावर उभा असतो, आणि शब्द प्रमाण केव्हां? तर तो आप्ताचा, म्हणजे ज्यास वस्तुस्थिति ठाऊक आहे व जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे अशाचा असेल तेव्हां. श्राव्यग्रंथांत निवेदकाचा आवाज आपल्या कानीं पडतो. त्याच्या मागें ग्रंथकार उभा असतो. ग्रंथकाराच्या मागें बखरकार, शकावलीकार, फारसी तवारीखकार, इंग्रज वखारवाले असे दहा जण उभे असतात. छापील पानावर अवतरणचिन्ह, टीप, निराळा टाइप ह्यांच्या योगानें हे दहा जण एकमेकांपासून निराळे दिसतात. कानाला मात्र सर्वांचा आवाज एकच ऐकूं येतो, आणि तो बहुधा भारदस्त, गोड व विश्वास बसेल असा असतो. आप्त कोण व अनाप्त कोण हा विवेक करण्यास जागाच उरत नाहीं.

ह्याचें आमच्याच नगरांतील एक उदाहरण देतों. १६६६ च्या मार्च महिन्यांत आग्र्यास जातांना शिवाजीमहाराज औरंगाबादेवरून गेले. त्यांची कीर्ति व लवाजमा पाहण्यास शहरांतील लोक बाहेर लोटले. परंतु सुभ्यावरील अधिकारी सफशिकनखान स्वतः सामोरा गेला नाहीं, त्यानें आपल्या पुतण्यास पाठविलें. महाराजांनीं हा अवमान जाणून त्याच्याकडे जाण्याचें टाळलें व ते सरळ आपल्या उतरण्याच्या जागीं गेले. अखेर खानासच त्यांच्या भेटीस यावें लागलें. प्रसंग मोठा बाणेदार आहे, आणि कुशल निवेदक तो असा रंगवील कीं ऐकणाराच्या अंगावर रोमांच उभे राहतील.

परंतु हा प्रसंग आपणांस सांगितला कोणीं? भीमसेन सक्सेना ह्या मोगलांच्या नोकरींतील कायस्थानें, आपल्या तारीख-इ-दिलकुशा ह्या फारसी ग्रंथांत. भीमसेन तरुणपणीं औरंगाबादेंतच राहत असे. जदुनाथ सरकारांनीं केलेलें त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख खात्यानें १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे हा गौरव मराठी बखरकाराच्या लेखणींतून उतरलेला नाहीं. तो प्रतिपक्षाच्या चाकरानें, त्याच शहरांत वावरलेल्या माणसानें नोंदविलेला आहे. हें कळतांच प्रसंगाचें मोल शतपटीनें वाढतें. हेंच श्राव्यग्रंथ सांगत नसेल, तर त्यानें आपणांस रोमांच दिले, पण पुरावा दिला नाहीं. आणि खरें पाहतां पुरावा हाच त्या प्रसंगाचा अर्धा रस होता.

उलट बाजूचें उदाहरण सिंहगडाचें. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीं घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही कथा तुलसीदासाच्या पोवाड्यांतून घरोघर पोंचली आहे. सभासदानें आपली बखर राजाराममहाराजांच्या काळांत जिंजीस लिहिली; ती त्या घटनेला पोवाड्यांपेक्षां कितीतरी अधिक विश्वसनीय साक्ष आहे. तींत मावळे वानरांसारखे कडा चढले असें वर्णन आहे. घोरपडीचें नांव नाहीं. पोवाड्यांतील घोरपड ऐकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ती अवश्य ऐकावी, पण पोवाड्यांतील म्हणून ऐकावी. ‘पोवाड्यांत असें म्हटलें आहे’ एवढे चार शब्द निवेदकानें उच्चारले तर कथा तीच राहते आणि इतिहासही शाबूत राहतो.

(५) संभाजीमहाराजांची कथा आणि तिचा धडा

बोलणारा कोण हें न विचारल्यानें काय होतें, ह्याचा सर्वांत दारुण दाखला आमच्या नगरास ज्यांचें नांव आहे त्या छत्रपति संभाजीमहाराजांच्या चरित्रांत सांपडतो. मल्हार रामराव चिटणीस ह्यांनीं आपली बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे संभाजीमहाराजांच्या वधानंतर सुमारें १२० वर्षांनीं लिहिली. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस ह्यांस संभाजीमहाराजांनीं १६८१ सालीं देहांत शासन केलें होतें. बखरींत संभाजीमहाराजांचें जें व्यसनी, क्रूर व अविवेकी चित्र उभें राहिलें, तें ह्या दोन गोष्टी ध्यानांत घेऊन वाचलें पाहिजे. परंतु तसें झालें नाहीं. बखरींतील चित्र शालेय पुस्तकांत, नाटकांत आणि व्याख्यानांत उतरलें. व्याख्यानें ऐकणारास मल्हार रामराव ठाऊक नव्हते, बाळाजी आवजींचा शेवट ठाऊक नव्हता, त्यास फक्त एक खणखणीत आवाज ऐकूं येत होता. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट कानांतून मनांत गेली आणि तेथें घट्ट बसली.

ती उपटून काढण्यास किती श्रम पडले पाहा. वा. सी. बेंद्रे ह्यांनीं कित्येक दशकें देशी-परदेशी साधनें धुंडाळून १९६० सालीं छत्रपति संभाजीमहाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें. डॉ. कमल गोखले ह्यांचें ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ सालीं निघालें. तत्पूर्वींच ह. दा. वेलणकरांनीं ‘बुधभूषण’ हा संभाजीराजाच्या नांवावरील संस्कृत ग्रंथ संपादिला होता व पुण्याच्या भांडारकर संस्थेनें तो १९२६ सालीं छापला होता. राजनीतीवरील वचनांचा संग्रह करणारा हा राजपुत्र आणि बखरींतील व्यसनी तरुण ह्या दोहोंची सांगड घालणें कठीण आहे, हें संस्कृतज्ञांस तेव्हांच दिसावयास हवें होतें. एका माणसाच्या द्वेषयुक्त शब्दानें जो डाग लागला तो पुसण्यास शतकाहून अधिक काळ गेला.

आतां लंबक दुसऱ्या टोंकास गेला आहे. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ सालीं निघाली, आणि तीवर आधारलेला त्याच नांवाचा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. संभाजीमहाराजांच्या धैर्याविषयीं लोकांत जो आदर उसळला तो योग्यच होता. परंतु कादंबरींतील संवाद हे दरबारांत प्रत्यक्ष झालेले संवाद म्हणून सांगणारीं कथनें आमच्या कानांवर येऊं लागलीं. त्यानंतर महिनाभरांतच आमच्या जिल्ह्यांतील खुलताबाद येथील औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, आणि १७ मार्च २०२५ रोजीं नागपुरास दंगल झाली. कोणत्याही एका पुस्तकावर वा चित्रपटावर ह्याचा दोष टाकण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु लोक इतिहास म्हणून काय ऐकतात ही केवळ पंडितांच्या फुरसतीची बाब नाहीं, एवढें तरी ह्यावरून स्पष्ट व्हावें. पूर्वीं निंदेचा जसा उगम विचारला नाहीं, तसा आज स्तुतीचाही विचारला जात नाहीं. निंदा जाऊन स्तुति आली, एवढ्यानें आपण इतिहासाच्या जवळ गेलों असें होत नाहीं.

आमच्या शहराशीं संभाजीमहाराजांचा जो खराखुरा संबंध कागदांतून दिसतो, तो मात्र कथनांत क्वचितच येतो. १६६७ च्या अखेरीस, मोगलांशीं तह असतांना, दहा वर्षांचे संभाजीराजे मनसबदार म्हणून शाहजादा मुअज्जम ह्याच्या भेटीस औरंगाबादेस आले होते. बरोबर प्रतापराव गुजर व निराजी रावजी होते. ज्या शहरास आज त्यांचें नांव आहे त्या शहरांत ते बालपणीं येऊन गेले, ही गोष्ट कोणत्याही कल्पित संवादाहून आम्हांस अधिक हृद्य वाटते.

(६) अंक, तिथ्या आणि नांवें

कानाचा दुसरा दुबळेपणा अंकांच्या बाबतींत दिसतो. शिवजन्माची तिथि घ्या. बखरींच्या परंपरेनें ती शके १५४९ च्या वैशाखांत धरली जाई; जेधे शकावली व शिवभारत ह्यांच्या आधारें ती शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही ठरली. शिवभारत स. म. दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. ही चर्चा छापील पानावर दोन स्तंभांत मांडली तर अर्ध्या मिनिटांत उमगते. ऐकतांना शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि आणि इसवी सन एकापाठोपाठ एक येतात, आणि श्रोत्याच्या हातीं शेवटीं ‘कांहीं वाद होता’ एवढेंच राहतें.

नगरांच्या नांवांचेंही असेंच. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी, त्याच्या मुलानें १६२६ सालीं दिलेलें फतेहनगर, औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत १६५३ सालीं पडलेलें औरंगाबाद, आणि २०२३ पासूनचें छत्रपति संभाजीनगर, हीं चारही नांवें एकाच स्थळाचीं. १६६६ चा प्रसंग सांगतांना निवेदक कोणतें नांव घेतो, आणि घेतलेल्या नांवाचा उलगडा करतो कीं नाहीं, ह्यावरून ग्रंथकाराच्या काळभानाची परीक्षा होते. मूळ कागदांत जें नांव आहे तें सांगून मग आजचें नांव सांगणें हीच संशोधकाची रीत होय.

ह्याच प्रकरणांत उच्चाराचाही विचार केला पाहिजे. चांगला निवेदक ‘सरंजाम’, ‘जासूद’, ‘चौथाई’ हे शब्द जसे उच्चारावयाचे तसे उच्चारतो, आणि देवनागरींत न दिसणारा च-ज ह्यांचा दंत्य-तालव्य भेद त्याच्या मुखांतून नीट कळतो. नवशिक्या मोडी वाचकास हा मोठाच लाभ आहे. उलट, आतां कांहीं कथनें यंत्रानें तयार केलेल्या आवाजांत निघूं लागलीं आहेत. त्यांत विशेषनामें चुकीच्या ठिकाणीं तोडलेलीं व आघात भलत्याच अक्षरावर पडलेला आढळला तर तें कथन तेथेंच थांबवावें. जुन्या लेखकूच्या हातून ओळ गळे. यंत्राच्या हातून अर्थ गळतो.

(७) तीन वर्ग

आज मिळणाऱ्या ऐतिहासिक श्राव्यग्रंथांचे आम्ही तीन वर्ग करितों.

पहिला वर्ग कादंबऱ्यांचा. रणजित देसायांची ‘स्वामी’, वर उल्लेखिलेली ‘छावा’, विश्वास पाटलांची ‘पानिपत’, ह्या जातीच्या कृति. त्या ललित वाङ्मय आहेत आणि ललित वाङ्मय म्हणून त्यांचें मोल त्यांचें त्यांच्यापाशीं आहे. ऐकण्यास सर्वांत गोड हाच वर्ग, कारण संवाद कानास मानवतात. संग्राहकानें त्या विश्रांतीसाठीं ऐकाव्या. त्यांतील एकही वाक्य टिपणवहींत उतरवूं नये. ह्या वर्गाचा एक अप्रत्यक्ष उपयोग मात्र आहे. लोकांच्या मनांत एखाद्या पुरुषाची कोणती मूर्ति आहे तें ह्यांवरून कळतें, आणि जुने कागद दाखविण्यास आलेल्या गृहस्थाशीं बोलतांना तें ठाऊक असणें उपयोगीं पडतें.

दुसरा वर्ग कथनरूप इतिहासाचा व व्याख्यानांचा. येथें निवड सर्वांत अवघड, कारण ह्यांत उत्तम आणि अधम शेजारीशेजारी असतात व दोघांचेही आवाज सारखेच भारदस्त असतात. पुढील कलमांतील कसोटी मुख्यतः ह्या वर्गासाठीं आहे.

तिसरा वर्ग मूळ साधनांचा, म्हणजे बखर, पोवाडे, पत्रें जशींच्या तशीं वाचून दाखविणाऱ्या कथनांचा. हा वर्ग सर्वांत लहान आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचा. सभासदाची बखर एखाद्या जाणत्यानें वाचलेली ऐकावी. छापील पानावर रुक्ष वाटलेलीं वाक्यें कानांत पडतांच जिवंत होतात, आणि बखरकार कोठें घाईनें पुढें गेला, कोठें रेंगाळला, हें डोळ्यांपेक्षां कान अधिक नेमकें सांगतो. मात्र कोणत्या संपादकाची प्रत वाचली, ती संपूर्ण कीं संक्षिप्त, हें आरंभीं सांगितलेलें असावें. पाठ कोणता हें न सांगतां वाचलेली बखर म्हणजे पुष्पिका फाटलेली पोथी.

(८) पहिल्या तासाची कसोटी

अठरा तासांचें कथन ऐकावें कीं नाहीं हें ठरविण्यास अठरा तास लागत नाहींत; एक तास पुरतो. त्या तासांत खालील पांच प्रश्न विचारावे.

एक : मूळ पुस्तकाचा लेखक, प्रकाशनाचें वर्ष व तें कादंबरी आहे कीं इतिहास, हें आरंभीं स्पष्ट सांगितलें आहे काय?

दोन : पहिल्या तासांत एखाद्या तरी साधनाचें नांव घेतलें काय? ‘इतिहास सांगतो’ हें साधनाचें नांव नव्हे. ‘सभासद म्हणतो’, ‘जेधे शकावलींत नोंद आहे’ हें नांव होय.

तीन : जेथें साधनांत मतभेद आहे तेथें तो कबूल केला आहे काय? ज्या कथनांत तासभर एकही ‘बहुधा’ किंवा ‘असें दिसतें’ आलें नाहीं, त्यावर विश्वास ठेवण्यास आम्ही तयार नाहीं.

चार : एकांतांतील संवाद, मनांतील विचार, अश्रु, स्वप्नें ह्यांचें वर्णन आहे काय, आणि असल्यास तें कोठून आलें हें सांगितलें आहे काय? बंद दाराआड झालेलें भाषण कोणीं ऐकलें, हा प्रश्न शाळेंतील मुलासही सुचतो. आपण तो विसरूं नये.

पांच : आपणांस स्वतःस पुरतें ठाऊक असलेलें एक प्रकरण काढून तेवढेंच आधीं ऐकावें. ज्यानें आपल्या गांवच्या गढीचे कागद वाचले त्यानें त्या गढीचें प्रकरण ऐकावें. आम्ही स्वतः औरंगाबादेचा १६६६ चा प्रसंग ऐकतों. भीमसेनाचें नांव आलें तर पुढें जातों. न आलें, पण प्रसंग प्रमाणशीर सांगितला असला, तर सावधपणें पुढें जातों. आणि खानाच्या तोंडीं लांबलचक भाषण घातलेलें आढळलें तर तेथेंच थांबतों.

पांचांपैकीं तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं तर वाटेवरचा वेळ त्या कथनास द्यावा. तीनांहून कमी असलीं तर तो तास गेला असें समजून सोडून द्यावें. एक तास गेला म्हणून उरलेले सतरा घालविणें हा कोणताच हिशेब नव्हे.

ऐकतांना खिशांत एक कोरी चिठ्ठी असावी. जें विधान नवें वाटेल त्याचे दोन शब्द आणि तें कितव्या मिनिटास आलें तो अंक टिपावा. घरीं आल्यावर तें छापील साधनांत शोधावें. शोधून सांपडलें तर साधनाची नोंद करावी, श्राव्यग्रंथाची नव्हे. सांपडलें नाहीं तर चिठ्ठी फाडून टाकावी. आपल्या शास्त्रांत श्रवणानंतर मनन सांगितलें आहे तें उगीच नव्हे. मननावांचून श्रवण हा केवळ कानाचा विलास होय.

(९) मंडळाच्या सभासदांस सूचना

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा कीं, लोकप्रिय श्राव्यग्रंथ पुराव्याच्या जागीं कधींही येऊं शकत नाहीं. परंतु जो आपला बोलविता धनी कोण हें प्रामाणिकपणें सांगतो, त्यास वाटेवरचा वेळ देण्यास हरकत नाहीं, आणि थकलेल्या डोळ्यांच्या विद्वानांस तर तो अवश्य द्यावा.

एक गोष्ट मात्र आपण केवळ ऐकणारांवर सोडून चालणार नाहीं. तिसऱ्या वर्गांतील कथनें थोडीं आहेत, कारण मोडी, फारसी शब्द आणि बखरीची भाषा ह्या तिहींचें ज्ञान असलेले वाचक थोडे. आणि ते बहुतेक आपल्याच वयाचे आहेत. मराठवाड्यांत आजही कांहीं वृद्ध गोंधळी जुने पोवाडे परंपरेनें म्हणतात. त्यांच्या पाठांतील भेद छापील संग्रहांत नाहींत. प्रत्येक सभासदानें आपल्या तालुक्यांतील एका तरी अशा माणसाचें म्हणणें फोनवर ध्वनिमुद्रित करावें, आणि मुद्रणाच्या आरंभीं म्हणणाराची संमति घेऊन त्याचें नांव, गांव, गुरुपरंपरा व दिनांक मोठ्यानें उच्चारावा. ज्यांस बखर वाचतां येते त्यांनीं बखरीचें एखादें प्रकरण, प्रतीचा निर्देश करून, वाचून ठेवावें. अशीं मुद्रणें मंडळाकडे पाठविल्यास त्यांची सूचि करण्याचें काम आम्ही आनंदानें अंगावर घेऊं. पुढील पिढीस इतिहास कानांनींच ऐकावयाचा असेल, तर निदान सांगणारा कोण होता हें तिला त्या आवाजांतच मिळालें पाहिजे.